एका ॲप्रनची तीन विशेषणं



सध्या तीन शब्दांची फार चलती आहे. अँटिमायक्रोबियल, बायोडिग्रेडेबल आणि रीयूजेबल. आपल्या भाषेत सांगायचं तर जंतू मारणारं, कुजून जाणारं आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारं. करोनाच्या दोन वर्षांत (२०२०-२१) हे शब्द मास्क, फेसशील्ड, ॲप्रन, हातमोजे असल्या वस्तूंना चिकटले, ते अजून सुटायला तयार नाहीत. पूर्वी हे तिघं वेगवेगळे हिंडायचे. आता एकाच प्लास्टिकच्या गळ्यात तिन्ही माळा! आणि अशा वस्तूंची खोकी भरून दानशूर मंडळी जिथे जायचं ठरवतात, त्या यादीत आमचे जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके हमखास असतात. आदिवासी भाग, मुंबईहून एका दिवसात जाऊन येता येतं, आणि पावसाळ्यात फोटोही छान येतात...

मी मराठीचा मास्तर. प्रयोगशाळेशी माझा संबंध नाही. पण विशेषणं तपासणं हा माझा जन्मभराचा उद्योग. एखादा पोरगा निबंधात 'थंडगार वाफाळता चहा' लिहून आला, तर त्याखाली लाल रेघ मारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. तशीच एक रेघ मला या तीन विशेषणांखाली मारायची आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. ही तीन विशेषणं एकमेकांचे पाय ओढतात. आणि ती तिन्ही एकत्र नांदतात असं समजून आमच्या भागातल्या दवाखान्यांवर जो पैसा खर्च होतो, तो पाणी, साबण आणि वाफ यांच्या तोंडचा घास असतो.

आधी 'कुजणं' घेऊ. कुजणं म्हणजे काय हो? जंतूंनी खाणं. दुसरं काही नाही. या कुजणाऱ्या प्लास्टिकांपैकी एक आहे पीएचबी. १९२६ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मोरिस लमोआन्य या शास्त्रज्ञाला ते चक्क जीवाणूंच्या पोटात सापडलं. जीवाणू ते स्वतःसाठी साठवून ठेवतात. आपण कणगीत भात ठेवतो ना, तसं. अडचणीच्या दिवसात काढून खातात. दुसरं, जास्त प्रसिद्ध असलेलं, पीएलए. मक्यासारख्या पिकातली साखर आंबवून त्यातून लॅक्टिक आम्ल काढतात (आपल्या दह्यातलंच) आणि त्याच्या लांब साखळ्या जोडून हे प्लास्टिक करतात. ओल आणि उष्णता मिळाली की त्या साखळ्या तुटतात, आणि मग जंतू त्यावर ताव मारतात. म्हणजे कुजणारं प्लास्टिक म्हणजे जंतूंसाठी वाढून ठेवलेलं पान, आज नाही तर उद्या जेवायचं.

आता त्याच प्लास्टिकमध्ये जंतू मारायला चांदी, जस्ताचं ऑक्साइड, तांबं असलं काहीतरी मिसळायचं. एका हाताने पंगत मांडायची आणि दुसऱ्या हाताने आमटीत विष कालवायचं! विष जोरदार असेल तर जेवणारे येणार नाहीत, म्हणजे कुजणं लांबलं. विष बेताचं असेल तर ॲप्रन जंतुरोधक कसला? 'धुता धुता ते विष निघून जाईल आणि मग कुजेल' असं कुणी म्हणेल. ठीक आहे. पण मग धुवून धुवून वापरायच्या वस्तूतलं औषध धुतानाच गेलं की! आणि गेलं ते कुठे गेलं? दवाखान्यामागच्या ओढ्यात.

बरं, जंतू मारते हे कळतं कशावरून? त्यासाठी एक चाचणी आहे, आयएसओ २२१९६. मूळ जपानी पद्धत. प्लास्टिकचा पाच सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा घ्यायचा. त्यावर जीवाणू असलेलं थेंबभर पातळ द्रव ठेवायचं, वर पारदर्शक पापुद्रा झाकायचा, म्हणजे द्रव सगळीकडे सारखं पसरतं. मग ३५ अंश तापमानात, ९० टक्क्यांहून कमी नाही अशा दमट हवेत ते २४ तास ठेवायचं आणि उरलेले जंतू मोजायचे. चाचणी खोटी नाही. दोन प्लास्टिकांची तुलना करायला ती उत्तम. पण ती चोवीस तासांची आहे हे लक्षात घ्या. आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई एका पेशंटकडून दुसऱ्याकडे पाच मिनिटांत जातात. मधले तेवीस तास पंचावन्न मिनिटं आणायची कुठून?

शिवाय चाचणीतला तुकडा स्वच्छ असतो. नर्सबाईंच्या ॲप्रनवर घाम असतो, रक्त असतं, बाळंतपणात तर काय काय असतं. घामातलं मीठ आणि रक्तातली प्रथिनं चांदीला धरून ठेवतात, तिचा जोर जातो. वर मळाचा थर बसला की जंतूंचा आणि औषधाचा स्पर्शच होत नाही. त्या थरावर जंतू मजेत वाढतात, एकमेकांना चिकटून बुळबुळीत साय धरतात. शास्त्रज्ञ तिला बायोफिल्म म्हणतात. पाण्याच्या माठाच्या तळाशी हात फिरवलात तर जी बुळबुळ लागते, तीच जात. खालचं प्लास्टिक कितीही जंतुरोधक असो, त्या सायीवरच्या जंतूंना त्याची खबरही नसते.

आता खोक्यावरचा तो लाडका आकडा, '९९.९ टक्के जंतू नष्ट'. मास्तर आहे, गणित मांडल्याशिवाय राहवत नाही. समजा एका जागी दहा लाख जीवाणू आहेत. त्यातले ९९.९ टक्के मेले. उरले एक हजार. ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. हजाराचे दोन हजार, दोनाचे चार, चाराचे आठ... दहा वेळा दुप्पट झाले की पुन्हा दहा लाखांच्या वर. दहा गुणिले वीस, दोनशे मिनिटं. म्हणजे तीन तास वीस मिनिटं. ओल, ऊब आणि खाऊ मिळाला तर सकाळी नऊला मारलेले जंतू साडेबाराच्या आत हजर! प्रत्यक्षात ॲप्रनवर इतकं सुख मिळेलच असं नाही, पण मळ न धुता ॲप्रन खुंटीला लावून ठेवला तर आपण तेच सुख त्यांना पुरवत असतो.

आणि जे उरतात ते कोण असतात? त्यातल्या त्यात चिवट. १९७५ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भाजलेल्या रुग्णांच्या विभागात साल्मोनेलाचे असे जीवाणू सापडले की जखमांवर लावायच्या चांदीच्या औषधाला ते दादच देईनात. म्हणजे चांदीसुद्धा कायमची नाही. खरोखर भाजलेल्या माणसासाठी जे औषध राखून ठेवायला हवं, ते मास्कच्या पट्टीत आणि पेनाच्या टोपणात घालून आपण जंतूंची शिकवणी घेत असतो.

अमेरिकेत या बाबतीत एक शहाणा नियम आहे. वस्तूत जंतुरोधक द्रव्य घातलं असेल तर ते त्या वस्तूच्या रक्षणासाठी आहे, तिला वास येऊ नये, डाग पडू नयेत म्हणून आहे, एवढंच म्हणता येतं. माणसाला रोगापासून वाचवते असं म्हणायचं असेल तर त्याची वेगळी नोंदणी आणि वेगळा पुरावा. १९९७ साली हॅसब्रो या खेळण्यांच्या कंपनीने लहान मुलांच्या खेळण्यांबद्दल असा दावा केला, तेव्हा तिला १,२०,००० डॉलर भरावे लागले. आपल्याकडेही पर्यावरणाच्या नावाखाली केलेल्या फसव्या दाव्यांविरुद्ध केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पण फुकट मिळालेल्या वस्तूवरचा मजकूर तपासायला कोण बसतंय? दान दिलेल्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. मी म्हणतो, गाय दवाखान्यात बांधायची असेल तर जरूर मोजावेत.

तिसरं विशेषण, पुन्हा वापरायचं. दवाखान्यात पुन्हा वापरायचं म्हणजे निर्जंतुक करून वापरायचं. त्याचा जुना, खात्रीचा मार्ग म्हणजे ऑटोक्लेव्ह. कुकरचाच मोठा भाऊ. १२१ अंशांची दाबाखालची वाफ, किमान पंधरा मिनिटं. आणि आपलं नेहमीचं पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं! ॲप्रन आत जाईल आणि पापड बाहेर येईल. उकळत्या पाण्यात घातलं तरी तीच गत. ब्लीचच्या पाण्यात बुडवावं म्हणाल, तर ते अल्कलीयुक्त असतं आणि अशा पाण्यात पीएलएच्या साखळ्या लवकर तुटतात. जे तुटावं म्हणून मुद्दाम बनवलं, ते शंभरदा धुवून टिकावं अशी अपेक्षा कशी करायची?

पण खरी गंमत पुढेच आहे. समजा हे सगळं जमलं. ॲप्रन जंतू मारतो, धुऊन टिकतो आणि शेवटी कुजतोही. पण तो कुजणार कुठे? जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. दवाखान्यातला दूषित कचरा रंगीत पिशव्यांत जातो. करोनाकाळात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने स्पष्टच सांगितलं होतं की मास्क, डोक्याची टोपी असल्या गोष्टी पिवळ्या पिशवीत. फेसशील्ड, प्लास्टिकचे ॲप्रन, हातमोजे लाल पिशवीत. पिवळी पिशवी जाते भट्टीत. लाल पिशवी वाफवून, तुकडे करून जाते पुनर्वापरासाठी. खताच्या खड्ड्याकडे जाणारी पिशवीच नाही! आणि नसावीच. रक्ताने माखलेल्या ॲप्रनचं खत कुणाला हवंय? म्हणजे कुजणारा ॲप्रन पिवळ्या पिशवीत गेला तर इतर कुठल्याही ॲप्रनसारखा जळणार. आणि लाल पिशवीत गेला तर दुसरं चांगलं प्लास्टिक बिघडवणार. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २०२१ साली वापरलेल्या पीपीई किटच्या प्लास्टिकपासून पुन्हा वस्तू बनवण्याचा प्रयोग केला, तो चांगला होता. अशा कामाला एका जातीचं निवडक प्लास्टिक लागतं. त्यात पीएलए मिसळणं म्हणजे तांदळात खडे.

उकिरड्यावर टाकलं तर कुजेल, हाही भाबडेपणाच. खत होण्याची प्रमाणित चाचणी ५८ अंशांच्या तापत्या ढिगात होते आणि १८० दिवसांत ९० टक्के विघटन व्हावं अशी अट असते. ५८ अंश! मोखाड्याच्या पाड्यावरचा उकिरडा पावसाळ्यात गार चिखल असतो आणि उन्हाळ्यात कोरडी माती. तिथे ते ॲप्रन नाल्यात अडकून राहणार, शेजारच्या गुटख्याच्या पुडीसारखंच.

आता एक गोष्ट सांगतो, जी आमच्या भागात पिढ्यान्पिढ्या होती. इरलं. शहरातल्या नातवंडांसाठी सांगायचं तर बांबूच्या काड्यांच्या सांगाड्यात रानातली रुंद पानं बसवून केलेलं, डोक्यापासून पाठीपर्यंत येणारं पावसाचं कवच. आवणीच्या वेळी शेतात वाकलेल्या बायांच्या रांगेवर इरल्यांची रांग दिसायची. पुन्हा पुन्हा वापरायचं? हो. कुजणारं? शंभर टक्के. मग वर्षभर कुजत का नव्हतं? पानात चांदी घातली होती का? नाही. पावसाळा संपला की ते चुलीच्या वर, धुरात, कोरडं टांगून ठेवलेलं असायचं. धुराने कीड लागत नसे, बुरा येत नसे. पानं फाटली तर नवी बसवायची. टिकण्याचा गुण इरल्यात नव्हताच. ते टिकवण्याचं काम घरातली माणसं करत होती.

माझा सगळा मुद्दा इथे आहे. स्वच्छता विशेषणात शोधू नका. ती क्रियापदात असते. धुणं, उकळणं, वाळवणं, बदलणं. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. त्याने कुणाला जंतुरोधक अंगरखा दिला नव्हता. आणि तो क्लोरीनयुक्त चुना म्हणजे आपल्या गावच्या विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरीचाच भाऊबंद. पावणेदोनशे वर्षं झाली. औषध आपल्या ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात पोत्यात पडलेलं आहे.

पण क्रियापदाला पाणी लागतं, आणि इथे घोडं अडतं. जुलैत जव्हार-मोखाड्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस. एप्रिल-मे आला की त्याच मोखाड्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघणाऱ्या हंड्यांच्या रांगा. याच तालुक्यात कोचाळे गावाजवळ वैतरणेवर मध्य वैतरणा धरण २०१४ साली पूर्ण झालं, दिवसाला साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी मुंबईला देण्यासाठी. मुंबईकरांनी तहानलेलं राहावं असं मी म्हणत नाही, माझीही माणसं तिथे आहेत. पण ज्या तालुक्यातून एवढं पाणी जातं, तिथल्या उपकेंद्रात बाळंतपणानंतर हात आणि ॲप्रन धुवायला पाणी नसेल, तर त्यावरचा उपाय 'कमी धुतलं तरी चालणारं' प्लास्टिक हा असूच शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २०२२ साली सांगितलं की जगातल्या निम्म्या आरोग्यकेंद्रांत, जिथे रुग्ण तपासतात तिथे आणि संडासापाशी, हात स्वच्छ करायची साधी सोय नाही. निम्म्या! जंतुरोधक प्लास्टिक ही त्या लाजेवर घातलेली चादर आहे.

आमचा पुतण्या म्हणेल, "काका, तुम्ही विज्ञानाच्या विरुद्ध आहात." नाही रे बाबा. संशोधन जरूर व्हावं. पुण्याच्या थिंकर टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीने थ्रीडी छपाई वापरून केलेल्या मास्कवर विषाणू मारणारा लेप दिला, त्याची माहिती केंद्राच्या विज्ञान खात्याने २०२१ साली प्रसिद्ध केली. त्यातले काही मास्क नंदुरबार आणि नाशिकच्या सरकारी दवाखान्यांतही गेले. त्या लेपात काय होतं माहीत आहे? सोडियम ओलेफिन सल्फोनेट. साबण-शाम्पूच्या कुळातलं द्रव्य. करोना विषाणूचं मेदाचं आवरण ते फोडतं. म्हणजे हुशार माणसंही फिरून साबणापाशीच आली! यात मला कमीपणा वाटत नाही, उलट आनंद वाटतो. कुजणाऱ्या प्लास्टिकलाही जागा आहे. रोपवाटिकांत ज्या काळ्या पिशव्यांत रोपं वाढवतात, त्या रानात जागोजाग पडलेल्या असतात. तिथे मातीत विरून जाणारी पिशवी आली तर मी टाळ्या वाजवेन. तिला जंतू मारायचे नाहीत आणि पुन्हा वापरायचंही नाही. एक वस्तू, एक विशेषण.

माझा राग आहे तो खोट्या निर्धास्तपणावर. एका खोक्याबरोबर आलेल्या माणसाला मी स्वतःच्या कानांनी बोलताना ऐकलं आहे, "याला रोज धुवायची गरज नाही, हे आपोआप स्वच्छ राहतं." समोर बसलेल्या आशाताई मान डोलावत होत्या. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, असं बोलणारे पुष्कळ आहेत. पण त्या वाक्याची किंमत कोण मोजणार? ज्या बाळाची नाळ नुकतीच कापली आहे, ते. आशाताईंनी ते वाक्य खरं मानलं, तर धुतल्याशिवायचा ॲप्रन त्या बाळाला टेकणार.

तेव्हा नात्यातल्या, ओळखीतल्या आणि इथे वाचणाऱ्या सगळ्यांना विनंती. तुमच्या कंपनीने 'आदिवासी भागासाठी काहीतरी' द्यायचं ठरवलं आणि समोर असं माहितीपत्रक आलं, तर तीन प्रश्न विचारा. जंतू मारतं, तर किती वेळात, आणि मळ-रक्त लागलेलं असताना किती? पुन्हा वापरायचं, तर वाफेत किंवा ब्लीचमध्ये किती वेळा टिकतं? कुजतं, तर कुठल्या जागी, किती अंशांना, किती दिवसांत, आणि दवाखान्यातून तिथे नेणार कोण? उत्तरं लेखी मागा. तोंडी उत्तरं फार गोड असतात.

आणि द्यायचंच असेल तर उपकेंद्राच्या छपरावर पाण्याची टाकी द्या. पन्हाळीतून पावसाचं पाणी तिच्यात येईल एवढा पाइप द्या. चांगला ऑटोक्लेव्ह द्या, आणि तो बिघडल्यावर दुरुस्त करायला येईल अशा माणसाचा फोन नंबर द्या. जाड सुती कापडाचे, उकळून वाळवता येतील असे गाऊन द्या, प्रत्येकीला तीन-तीन, म्हणजे जव्हारच्या पावसात एक वाळत असताना दुसरा घालता येईल. हातमोजे साधे, एकदा वापरून टाकायचेच द्या, पण मोजून पुरेसे द्या. यातल्या कशाचाही फोटो फार चांगला येणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

ता.क. – काही मंडळी विचारतील, घरात जे 'अँटिबॅक्टेरियल' पाट्यांचे डबे, चॉपिंग बोर्ड आणि मास्क आणून ठेवले आहेत त्यांचं काय करायचं? वापरा की. फक्त साध्या वस्तूंइतकेच घासा, धुवा आणि उन्हात वाळवा.